नाना कुणालाही मरू देत नसत

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी नाना करंदीकरांचं नाव घेईन. नाना आता नाहीत, म्हणूनच हे लिहिता येतंय. औशाहून आलेला, घरातला पहिला पदवीधर मी परदेशात, जुरोंग आयलंडवर नोकरीला लागलो, तेव्हा मीटिंगमध्ये माझं तोंड उघडत नसे. नाना तिथेच वरिष्ठ इंजिनिअर. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसवून त्यांनी मला बोलतं केलं. "चुकीचं बोल, पण बोल!"

ते स्वतः दर रविवारी फ्लॅटमध्ये सिनेमा लावत, त्याचा आवाज बंद करत आणि सगळी पात्रं एकटेच मराठीत बोलत. सिनेमे एकाच जातीचे. इटलीतले, कृष्णधवल, शहरात जर्मन सैन्य आणि त्याच्याशी लपूनछपून लढणारी साधी माणसं.

"नाना, मूळ आवाज तरी ऐकू द्या."

"मूळ कुठला आलाय? रस्त्यावर शूटिंग केलं आणि आवाज नंतर स्टुडिओत चिकटवले. त्यांनी चिकटवले, मी चिकटवतो. बिघडलं कुठं?"

जर्मन अधिकारी त्यांच्या तोंडून पुण्यातल्या हेडक्लार्कसारखा बोले: "साथीदारांची नावं आणलीत का? मग कशाला आलात?" खायला मात्र काही मिळत नसे. मी एकदा चकली मोडली तर नाना गरजले, "ती माणसं पावासाठी रांगेत उभी आहेत आणि तू कुडुमकुडुम करतोस?" हळूहळू बाकीची मंडळी यायची थांबली. मी जात राहिलो.

आतल्या खोलीत त्यांची पत्नी, मालतीकाकू, अंथरुणाला खिळलेल्या. दृष्टी गेलेली, आणि आता फार दिवस नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलेलं. दार उघडं ठेवून नाना त्यांच्यासाठीच बोलत, हे कळायला मला वेळ लागला. दुसरी गोष्ट त्याहून उशिरा कळली. पडद्यावर पकडलेल्या माणसाला भिंतीशी उभं करून गोळ्या घालत, तेव्हा नाना ओरडत, "पळाला! अगं, मागच्या दारानं पळाला! पोचला घरी!" आणि मला डोळ्यांनीच दटावत. काकूंच्या कानावर त्यांना एकही मरण पडू द्यायचं नव्हतं.

एका रविवारी असंच एका पोराला सोडवून नाना चहा टाकायला गेले. काकूंनी मला हाक मारली.

"मारलं ना रे त्याला?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"सुटका सांगताना यांचा आवाज बसतो. एकही सुटत नाही, माहितीय मला. त्यानं नावं सांगितली का?"

"नाही, काकू."

"मग तूही सांगू नकोस, मला कळतं म्हणून. यांना तेवढाच आधार आहे."

थोड्याच दिवसांत काकू गेल्या. नाना सांगलीला बहिणीकडे राहायला गेले. फोनवर त्यांनी एकदाच विचारलं, "तिला कधी शंका आली होती का रे?" माझाही आवाज बसेल, म्हणून लिहून कळवतो म्हणालो. कळवलं ते असं:

ती. नानांना सा. नमस्कार.

काकूंना कधीच शंका आली नाही. त्या रविवारी तुम्ही चहा टाकायला गेलात, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पोरगा नीट पोचला ना रे घरी?" मी म्हटलं, पोचला. "आई रडली असेल त्याला बघून," म्हणाल्या, आणि त्यांना शांत झोप लागली. मी तिथेच होतो.

तुमचा,
दत्ता