तिसरी भाकर

रत्नप्रभाबाईंनी पोस्टकार्डात एक ओळ जास्तीची लिहिली आणि तिथंच घोळ झाला. ‘मला गहू चालत नाही, ज्वारीची भाकरीच कर.’

नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना गहू कायमचा बंद केला होता. पोळी, रवा, शेवया, सगळंच. एक घास पोटात गेला की तीन दिवस अंथरूण. म्हणून यवतमाळहून फुलसावंगीला निघण्याआधी त्यांनी शाळेतल्या मैत्रिणीला, भागीरथाला, तसं कळवून टाकलं. पण लागोपाठ दोन वर्षं कापसानं दगा दिलेल्या त्या घरात या ओळीचा अर्थ निराळाच लागला.

बाई पानावर बसल्या, तर ताटात पोळ्यांची चळत.

"अगं, मी लिहिलं होतं ना?"

"वाचलं मी," भागीरथा फणकारली. "कापूस गेला म्हून पाव्हणीले भाकर वाढू? इतके गेलेगुजरे झालो का आमी?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय गं!"

"शिकलेल्याईचे बहाणे बी शिकलेलेच!"

शेजारच्या इंदूबाईकडून उसनी आणलेली कणीक होती ती; तिचा डबा अजून चुलीपाशीच होता. बाईंना तो दिसला आणि सगळा प्रकार कळला. पण पोळीला हात कसा लावणार?

"तूप नाही म्हून खात नसन," भागीरथाचे यजमान मारोतराव पुटपुटले आणि वाटी घेऊन बाहेर पळाले. तूप आलं. बाई नाहीच म्हणाल्या. मग भागीरथानं शेवयांची खीर चढवली. बाई जितक्या वेळा नको म्हणत, तितका गहू वाढत चालला.

शेवटी भागीरथाचे डोळे भरले. "तू नाही जेवली तर मी बी उपाशी."

आता मात्र बाई हरल्या. तीन दिवसांचं अंथरूण पत्करलं, पण हे डोळे पाहवेनात. "हात धुऊन आले," म्हणत त्या मागल्या खोलीत गेल्या. तिथं रांजणाजवळ टोपलं झाकलेलं होतं. त्याखाली घरच्यांसाठी केलेल्या गरम भाकरी आणि मिरचीचा ठेचा. सकाळपासून जीपमध्ये उपाशीपोटी हादरे खाल्लेल्या बाईंनी तिथंच फतकल मारली.

भागीरथा शोधत आली तेव्हा दुसरी भाकर संपत आली होती. "अजून एक घेऊ का गं?" बाईंनी भरल्या तोंडानं विचारलं.

भागीरथा पाहतच राहिली. मग ओरडली, "अवो, ऐकलं का? हे खरंच बिमार हाये! कीव करनारं मानूस तिसरी भाकर मांगत नाही!"

घरच्यांच्या भाकरी पाहुणीनं फस्त केल्या, तेव्हा पोळ्या घरच्यांनाच संपवाव्या लागल्या. इंदूबाईलाही हाक गेली. मारोतरावांनी दसऱ्यानंतर पहिल्यांदाच तूप-पोळी खाल्ली. वर्षभर ज्या दुखण्याला शिव्या घातल्या, त्याचे बाईंनी त्या दिवशी मनापासून आभार मानले.

संध्याकाळी भागीरथा जीपपर्यंत पोचवायला आली. फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी तिनं बाईंच्या मांडीवर ठेवल्या.

"पुढच्या महिन्यात बी ये वं," ती म्हणाली. "अन् लवकर बरी होऊ नको!"