भेंडीच्या फुलाचा मंजूर रंग

समुद्राकाठच्या रस्त्यावरील एक्केचाळीस झाडे दुपारनंतर रंग बदलतात, ही बाब उद्यान खात्याच्या निदर्शनास आली आणि खात्याने तिची गंभीर दखल घेतली. झाडांनी तोवर खात्याची दखल घेतलेली नव्हती.

झाडं भेंडीची. भाजीतली भेंडी नव्हे, तिची समुद्राकाठची थोरली बहीण म्हणा. खारा वारा असो, वाळू असो, कुणी पाणी घालो न घालो, ही आपली वाढते. हिचं फूल सकाळी पिवळं उमलतं, दुपारी नारिंगी होतं आणि संध्याकाळपर्यंत तांबडं होऊन गळायला लागतं. आमच्या रस्त्यावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी तर समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून गेली बावीस वर्षं रोज बघतोय. खात्याला मात्र ठाऊक नव्हतं, कारण तिथे झाडं पाहायची पद्धत नाही, फाइल पाहायची आहे.

सगळं सुरू झालं सुशोभीकरणातून. आमचा रस्ता 'पिवळा किनारा' म्हणून नटवायचं ठरलं. बाकं पिवळी, कठडे पिवळे, दिव्यांचे खांब पिवळे. झाडांची नोंद करायला खात्याचा कारकून सकाळी आठला आला, कारण नऊला त्याला ऑफिसात हजेरी लावायची होती. त्याने लिहिलं, 'झाडे एक्केचाळीस, फूल पिवळे.' योजनेत अगदी चपखल बसलं. शिक्का पडला आणि फुलाचा रंग मंजूर झाला.

झाडांची जबाबदारी माळ्याकडे. हा माणूस चौदा वर्षं रोजंदारीवर राबतोय. त्याला कायम करायचा कागद कसाबसा शेवटच्या टेबलापर्यंत पोचला होता. आता एक तपासणी व्हायची आणि तिच्यावर 'समाधानकारक' एवढा शेरा पडायचा, की झालं. त्याने घरी बायकोला तसं सांगूनही टाकलं होतं.

तपासणीला उपसंचालक आले ते ऑफिसातला चहा उरकून, म्हणजे साडेपाचला. जिकडे बघावं तिकडे तांबडी फुलं. साहेबांनी कागद पाहिला, झाड पाहिलं, पुन्हा कागद पाहिला आणि कागदावर विश्वास ठेवला.

"मंजूर झालेली झाडं कुठायत?"

"हीच ती, साहेब. सकाळी पिवळी असतात."

"आणि आता?"

"आता तांबडी झाली."

"कुणाच्या परवानगीने?"

माळ्याने झाडाकडे बोट दाखवलं. तिसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. खात्याच्या मालकीची पिवळी झाडे परस्पर हलवून त्या जागी तांबडी झाडे का लावली, याचा सात दिवसांत खुलासा करावा. खुलासा मीच लिहून दिला, माझं अक्षर बरं आहे म्हणून. 'सदर फूल आपोआप रंग बदलते.' हा 'आपोआप' खात्याला भलताच झोंबला. त्या इमारतीत आजवर आपोआप काही झालेलं नाही. तेव्हा समिती नेमली गेली.

समितीतल्या एकाला सकाळ जमेना, दुसऱ्याला संध्याकाळ. म्हणून पाहणी भर दुपारी झाली आणि फुलं नारिंगी निघाली. समितीने सखोल विचार करून अहवाल दिला, की या रस्त्यावर पिवळी एक्केचाळीस, नारिंगी एक्केचाळीस आणि तांबडी एक्केचाळीस अशी एकूण एकशे तेवीस झाडे असून त्यांपैकी ब्याऐंशी झाडे कोणत्याही वेळी गैरहजर असतात. गैरहजर झाडे हजर करण्याची जबाबदारी माळ्याची. तोपर्यंत तातडीचा उपाय म्हणून कार्यालयीन वेळेत रंग बदलणारे प्रत्येक फूल काढून टाकावे.

मग रोज दुपारी माळी शिडी लावून चढायचा. ज्या माणसाने ही झाडं जपली, तोच आकडीने त्यांची फुलं पाडत होता आणि खाली त्याची बायको ती गोळा करत होती. मला फार वाईट वाटलं. गॅलरीत बसून रोज दोन-दोन तास वाईट वाटत होतं.

एका कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी स्वतःहून पत्र दिलं, की ही या झाडाची जातच आहे. खात्याने पत्र परत पाठवलं. बाई घटनास्थळी राहत नसल्याने त्यांचे म्हणणे ऐकीव आहे, असा शेरा मारून. शेवटी मार्ग काढला तो उपसंचालकांनीच. या रस्त्यावरच्या दोन रहिवाशांनी 'हे फूल आपोआप रंग बदलते, आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे' असं लिहून द्यायचं. दोन सह्या आल्या की चौकशी बंद, माळी कायम. सोमवारपर्यंत आल्या नाहीत तर माळी घरी, झाडं तोडायची आणि त्या जागी फायबरची झाडं उभी करायची. त्यांच्या फुलांच्या पिवळेपणाची पाच वर्षं हमी होती.

दोन सह्या! मी हिला म्हटलंसुद्धा, खात्याला अखेर अक्कल आली. त्याच संध्याकाळी माळी कागद घेऊन दारात उभा. धुतलेला शर्ट घालून आला होता.

"काका, तुम्ही तर रोज बघता."

"बघतो ना. बावीस वर्षं बघतोय."

"मग इथे करा, पहिल्या ओळीवर."

पहिल्या सहीखाली फ्लॅटचा नंबरही लिहायचा होता. आता आमची गॅलरी मी काचा लावून बंद करून घेतलेली आहे, परवानगी न घेता. अशा गॅलऱ्या शोधणारं खातं उद्यान खात्याच्या बरोबर वरच्या मजल्यावर बसतं. ही आत गेली आणि हिने मिक्सर लावला. मिक्सरमध्ये काही नव्हतं.

"असं कर," मी म्हणालो, "पहिली दुसऱ्या कुणाची तरी घे. दुसरी माझी. अगदी डोळे मिटून करतो."

तो अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दारांवर जाऊन आला. आमच्या इमारतीला नावं ठेवू नका हं, नाही कुणीच म्हटलं नाही. सगळे खात्यावर भडकले होते. वरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी तर डोळ्यांत पाणी आणून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सही करायला प्रत्येक जण तयार होता, फक्त दुसरी. तळमजल्यावरचे वकील तीस वर्षं इथे राहतात, पण त्यांच्या कागदपत्रांवर पत्ता दुसरा आहे. त्यामुळे काटेकोर बोलायचं तर आपण इथे राहतच नाही, असं त्यांनी त्याला समजावून सांगितलं.

कागद आता माझ्याकडे आहे. दुसरी ओळ मी चटकन भरून टाकली, त्यावरून शेजारी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पहिली ओळ रिकामी आहे आणि उद्या सोमवार. माळी सकाळी कागद न्यायला येणार.

तुम्ही इथवर वाचलंत. खात्याला हसलात, मला तर मनातल्या मनात चांगलंच फैलावर घेतलं असणार. मला असाच माणूस हवा होता. हे घ्या पेन.

काय म्हणालात? तुम्ही या रस्त्यावर राहत नाही?

बरोबर आहे. बसा मग, वकीलसाहेबांशी ओळख करून देतो.