हिका गज लागूक नाय

आमचे आनामेस्त बंदुकीला आधी करंगळी लावतात, मग नाक. कुणाच्या घरी गेले आणि भिंतीवर जुनी बंदूक दिसली, की यजमान पाणी आणायला आत वळेपर्यंत हे खुर्चीवर चढलेले. नळीच्या तोंडात करंगळी घालून गोल फिरवणार, वास घेणार आणि खाली उतरून शांतपणे सांगणार, "हिका गज लागूक नाय." त्या घरात मग चहा मिळाला तरी साखर बेताची असते.

या गजाची भानगड एवढीच, की ठासणीच्या बंदुकीत दारू भरायची ती नळीच्या तोंडातून, आणि लोखंडी गजाने ठासायची. पिढ्यान्‌पिढ्या गज आतबाहेर झाला की तोंडाची कड एका अंगाला झिजते. करंगळीला झीज लागली नाही, तर बंदूक नवी, नाहीतर लांब नळी कापून आखूड केलेली. या कापलेल्या बंदुकांवर आनांचा भयंकर राग. किल्ल्याच्या वाटेवर 'आरमारातली अस्सल' म्हणून वीतभर बंदुका विकायला असतात. तिथे पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी भर दुकानात विचारलं होतं, की आरमारात काय सगळी पोरंच भरती होती? तेव्हापासून आना लांबून दिसले, की दुकानदार शटर अर्धं ओढून घेतो.

हळूहळू हा गज बंदुकीबाहेरही सगळ्यांना लागायला लागला. नवा जावई असो, नवा पूल असो, पहिल्यांदाच केलेली सोलकढी असो, गज कशालाच लागलेला नसतो. मी शाळेतून निवृत्त झालो त्या दिवशी हार घालता घालता कानाशी म्हणाले, "मास्तर, तुका अजून गज लागूक नाय हां."

आचऱ्याच्या अलीकडे आमची वाडी. यंदा तिथल्या वाचनालयात आम्ही जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. मी चिटणीस. जुन्या हत्यारांचे एक जाणकार कुडाळहून उद्घाटनाला येणार होते आणि मी त्यांना फोनवर छाती फुगवून सांगून बसलो होतो, की एक तरी अस्सल ठासणीची बंदूक दाखवीन. घराघरांतून चार बंदुका आल्या. आणि मी शहाणा, पारखायला आनांनाच बोलावलं!

पहिल्या तीन त्यांनी उभ्याउभ्या बाद केल्या. एकीला तर चिंच आणि मिठाचं पाणी लावून म्हातारी केली होती. तो वास त्यांना दारातूनच आला. चौथी बाबल परबाची. त्याच्या आजोबांपासून दसऱ्याला तिची पूजा होते. आनांनी करंगळी फिरवली आणि म्हणाले, "कापलेली." बाबलचा चेहरा पार उतरला. तसा तो गरीब माणूस, पण त्या दिवशी बोलला. "तुमच्या माळ्यावर एक आसा मा? ती दाखवा बघू."

आनांची बंदूक कुणीच कधी पाहिली नव्हती. आना घरी गेले आणि नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. हातभर लांबीची आखूड बंदूक. मी करंगळी फिरवली. कड सगळीकडून सारखी. ती कापलेली होती हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. बाबल हसला, मग सगळेच हसले. खरं सांगतो, मीही हसलो.

"कापलेलीच आसा," आना म्हणाले. "मीच कापलंय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. लग्नाला वर्ष झालेलं, मुंबईला कारखान्यात नोकरी लागलेली. घर वाडीच्या टोकाला, मागे रान, भातात डुकरं शिरायची. शेतसंरक्षणाच्या परवान्यावर पणज्याची बंदूक घरात होती. आवाज काढायला पुरे. पण ती ठासायची तर दस्ता जमिनीवर टेकून वरून गज मारावा लागे, आणि मागे घरात एकटी राहणार ती त्यांची बायको, आमच्या पार्वतीकाकी, बुटक्या. नळी त्यांच्या डोक्याच्या वर. दगडावर चढून ठासताना एकदा पडल्या आणि मनगट सुजलं. मुंबईला निघायच्या दिवशी सकाळी आनांनी करवत घेतली. नळीच्या टोकाला कोरलेलं वाघाचं तोंड होतं. गज लागलेला तेवढाच भाग, तोच गेला.

काकींना जाऊन चार वर्षं झाली. बाबलने आपली बंदूक खाली ठेवली आणि आनांची नऊवारीत परत गुंडाळून दिली.

मला मात्र उद्याचे पाहुणे दिसत होते. वाघ कुठाय, म्हणून मी आनांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला न्हाणीघराच्या चुलीपाशी नेलं. तिथे राखेत टेकून एक फुंकणी उभी होती, काळीकुट्ट. राख झाडली तर खाली वाघाने आ वासलेला. माझी करंगळी आपोआप आत गेली. कड एका अंगाला झिजलेली, गुळगुळीत. साऱ्या वाडीत अस्सल म्हणावी अशी हीच एक वस्तू, आणि तिने चाळीस वर्षं आंघोळीचं पाणी तापवलेलं! आनानू, दोन्ही तुकडे शेजारी ठेवूया, पाहुणे वेडे होतील, असं मी काय काय बोलत सुटलो.

आनांनी फुंकणी माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि दुसरं टोक माझ्यापुढे धरलं. कापलेलं टोक. त्यावर करवतीची एक खूण नव्हती.

"तिच्या ओठाक लागात म्हणान कानशीन घासत बसलंय," ते म्हणाले. "एस्टी चुकली."

बंदूक न्यायला त्यांची ना नव्हती. खाली चिठ्ठी लावायची, 'कापलेली आहे', आणि नाव त्यांचं घालायचं. फुंकणी मात्र मिळणार नाही. सकाळी पाणी तापवायला लागते.

"आनानू," मी म्हटलं, "मुलाने गीझर बसवलाय ना?"

"बसवल्यान मा," ते म्हणाले, आणि चुलीपुढे बसून त्यांनी फुंकणी तोंडाला लावली.