मैल्याच्या टँकरचे चार आरोपी

‘इंजिनाच्या छातीतला गुन्हेगार नुसत्या खोकल्यावरून ओळखणारा, नोझलच्या एका थेंबावरून त्याची अख्खी कुंडली मांडणारा, डिझेलविश्वातला एकमेव गुप्तहेर.’ हे वर्णन आमच्या भाऊजींचं आहे आणि ते खुद्द भाऊजींनीच केलेलं आहे. बाकीचं जग त्यांना इंजेक्टर दुरुस्त करणारा म्हणतं. मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. मदतनीस म्हणून मला ताईनेच त्यांच्या गळ्यात बांधलं, त्यामुळे ही नोकरी सोडायची तर आधी नातं सोडावं लागेल.

भाऊजींच्या तपासाचा पहिला नियम असा, की फिर्यादीला काही विचारायचं नाही. तो बोलला की बुद्धीला गंज चढतो म्हणे.

त्या सकाळी फिर्यादी आला तो मैल्याचा टँकर घेऊन, आणि टँकर काठोकाठ भरलेला. आमच्या वर्कशॉपच्या दारात गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली. वर्कशॉप भाड्याचं, मालकीणबाई नेमक्या वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांची खिडकी उघडली आणि उघडली त्याच्या दुप्पट वेगाने बंद झाली. मग त्या नाकाला रुमाल लावून खाली आल्या.

“संध्याकाळपर्यंत हे इथून हललं नाही, तर उद्या तुम्ही हलायचं,” म्हणाल्या आणि वर गेल्या.

भाऊजी बेफिकीर. खोली गेली तर घरूनच काम करू, टेस्टिंग मशीन काय, स्वयंपाकाच्या ओट्यावरही बसेल, असं त्यांचं म्हणणं. मी ताईबरोबर लहानाचा मोठा झालोय. मशीन ओट्यावर चढलं तर भाऊजी आणि मी जिन्यावरून खाली येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझा जीव टांगणीला लागला.

टँकरवाला काहीतरी सांगू पाहत होता. भाऊजींनी हाताच्या इशाऱ्याने त्याला गप्प केलं आणि एक्झॉस्टपाशी वाकले.

“मेहुणे, मरताना धूर आला?”

मी नाही म्हणालो.

“म्हणजे आरोपी सराईत आहे. पुरावा पुसून गेलाय.”

चारही इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या पिचकाऱ्या, बाहेर काढले. टेस्टिंग मशीनवर एकेकाला चढवायचं, हाताने दांडा दाबायचा आणि फवारा कसा पडतो ते बघायचं, अशी ही चौकशी असते. पहिल्याचा फवारा धुक्यासारखा बारीक. दुसऱ्याचाही तसाच, पण भाऊजींना तो किंचित डावीकडे झुकलेला वाटला. मला तर मशीनच डावीकडे झुकलेलं वाटत होतं, पण मला कोण विचारतो. दुसऱ्याचं नोझल बदललं, सगळं परत बसवलं, हातपंपाने डिझेलच्या नळीतली हवा काढली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. वरची खिडकीही बोटभर उघडली. थोड्याच वेळात इंजिनाने पुन्हा आचके दिले आणि ते बंद पडलं. खिडकीही बंद झाली.

आता भाऊजींना तिसऱ्यावर संशय आला. कारण विचारलं तर म्हणाले, इतका स्वच्छ फवारा निर्दोष माणूस मारत नाही. पुन्हा उकल, पुन्हा चौकशी, पुन्हा जोडणी. इंजिन पुन्हा सुरू, पुन्हा जयघोष, पुन्हा बंद. मग ‘चौघांचा कट’ हा सिद्धान्त आला. तोही इंजिनाने आधी मान्य केला आणि जरा वेळाने फेटाळला. त्यानंतर भेसळ. भाऊजींनी चिंधीवर डिझेल घेऊन हुंगलं आणि ते गंभीर झाले. त्या दिवशी त्या अंगणात वासावरून निष्कर्ष काढणं देवालाही जमलं नसतं. ऊन चढलं तसा टँकरलाही कंठ फुटला होता.

शेवटी टँकरवाल्याचीच पाळी आली. गाडीवर त्याचा राग असावा आणि हा सरळसरळ घातपात असावा, असं भाऊजी त्याच्या तोंडावर म्हणाले. बिचारा रडकुंडीला आला.

ऊन कललं तशा मालकीणबाई काठी टेकत खाली उतरल्या. खोलीचं कुलूप आणलं होतं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि डिझेलच्या टाकीपाशी थांबल्या. टाकीच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा तारेने गच्च आवळला होता, आणि तो रिकाम्या पोटासारखा आत ओढला गेला होता.

“हे कुणी बांधलं?”

“मी, बाई,” टँकरवाला म्हणाला. “काल झाकण चोरीला गेलं. तेव्हापासूनच गाडी बंद पडतेय. सकाळपासून तेच सांगतोय.”

“तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का बाहेर? हवा नको आत जायला?”

त्यांनी काठीचं टोक तारेत अडकवून उपसलं. टाकीने असा दीर्घ श्वास घेतला, की मीही घेतला आणि लगेच पस्तावलो. भाऊजी इंजेक्टर उकलत बसले की तेवढ्या वेळात फटीतून जरा हवा आत शिरायची, म्हणून प्रत्येक सिद्धान्तानंतर इंजिन थोडं चालायचं. चौघे आरोपी बाइज्जत सुटले. ट्यूबला भोक पाडून ती परत बांधली आणि टँकर जो गेला तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत थांबला नाही.

भाऊजींनी घसा खाकरला. मालकीणबाई तपासात सहभागी व्हाव्यात अशी आपलीच योजना होती, असं काहीतरी ते म्हणू लागले. बाईंनी कुलूप दाखवलं आणि ते गप्प झाले.

“खोली ठेवा,” बाई म्हणाल्या. “पण इथून पुढे पान्याला हात लावायच्या आधी आलेल्या माणसाला काय झालं ते विचारायचं. आणि त्याचं संपेपर्यंत ऐकायचं. मी खिडकीत बसून असते.”

ताईचा ओटा वाचला, म्हणून मला मनापासून आनंद झाला. भाऊजी मात्र रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दारात एक पिकअप थांबला. वर खिडकी उघडली. भाऊजींचा हात पान्याकडे गेला होता, तो त्यांनी कष्टाने मागे घेतला, पिकअपवाल्याला स्टूल दिलं आणि पडेल आवाजात विचारलं, “बोला, काय त्रास आहे?”

माणूस आधी गोंधळला, मग बसला, आणि बोलू लागला. कंबरेपासून सुरुवात झाली. मग थोरल्या भावाने हडपलेलं घर आलं, सुनेचा स्वभाव आला, ऐन वेळी पाठ फिरवणारे मित्र आले. भाऊजींनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा खिडकीकडे बघून मिटलं. दुपार टळली. पिकअपवाल्याने डोळे पुसले, भाऊजींचे दोन्ही हात हातात घेतले, आणि इतक्या मायेने आजवर कुणी विचारलं नव्हतं, असं म्हणाला.

“आणि गाडीला काय झालंय?” भाऊजींनी काकुळतीने विचारलं.

“गाडीला? काही नाही. मी पोस्ट ऑफिस कुठे आहे ते विचारायला थांबलो होतो.”