नवव्या चंद्रावरचा आवाज

गेर्वाझीने ठरवलं ते एवढंच, की नामदिनाच्या आधी कॅसेटवरची धूळ पुसून ठेवावी. (बायकोने दाखवलेली धूळ त्याने उभ्या जन्मात पुसली नव्हती, ते सोडा.) खोकं उघडलं तर आत कॅसेटच नाही.

कॅसेट म्हणजे ‘नवव्या चंद्रावरची छावणी’. रॉकेट दोरीला टांगलेलं स्पष्ट दिसतं, असा तो जुनापुराणा परदेशी सिनेमा. पण गेर्वाझीचा त्याच्यावर जीव. दर नामदिनाला तो बघायचा आणि आल्यागेल्यालाही बघायला लावायचा. आमच्या रादोम शहरात नामदिनाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या दिवशी, आमंत्रण लागत नाही. कॅलेंडरात नाव बघून माणसं केक घेऊन दारात हजर होतात. यंदाचा नामदिन रविवारी होता, आणि सिनेमाशिवाय तो नामदिन कसला?

“इर्मिना, माझी कॅसेट कुठंय?”

“असेल तिथंच. मी काय तुझी पत्र्याची रॉकेटं राखत बसते?” बायको म्हणाली आणि नको तितक्या जोरात कोबी चिरू लागली.

दुसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता तिने सहज विचारलं, “काय रे, तुझ्या त्या सिनेमात शेवटी ती बाई कमांडरला नक्की काय म्हणते?”

गेर्वाझीच्या घशात पाव अडकला. सिनेमाचं नाव काढलं की जांभई देणारी बाई ही! पाणी कुठंतरी मुरत होतं.

कुठं मुरतंय तेही जिन्यात दिसलं. खालच्या मजल्यावरचा अल्फोन्स, रेल्वे स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेला विधुर, गळ्यात टाय बांधून आणि तोंडात खोकल्याची गोळी धरून वर चढत होता.

“कुणीकडे?” गेर्वाझीने विचारलं.

“वर,” अल्फोन्स म्हणाला. मग गोळी गिळून म्हणाला, “म्हणजे खालीच.” आणि मागे फिरला.

शनिवारी इर्मिनाने फर्मान काढलं, “मळ्यावर जा आणि स्ट्रॉबेऱ्या तोडून आण.”

“कालच तर सगळ्या तोडल्या.”

“मग आज नव्या पिकल्या असतील. नीघ.”

गेर्वाझी बादली घेऊन निघाला, बस स्टॉपपर्यंत गेला आणि चोरपावलांनी परत आला. स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरताना त्याला रडू येत होतं. तीस वर्षांचा संसार, आणि तो असा गोळ्या चघळणाऱ्या माणसापायी बुडणार! बंद खोलीतून पुरुषी आवाज आला, “कमांडर, जाऊ नका. तुमच्याशिवाय हा चंद्र मला ओसाड आहे.”

त्याचा जीव भांड्यात पडला. आमच्याकडे परदेशी सिनेमात नायक, नायिका, पोरंटोरं, सगळ्यांचं बोलणं एकच बुवा आमच्या भाषेत, सपाट आवाजात वाचून दाखवतो. दाराआडून असा आवाज आला की समजावं, सिनेमा चालू आहे. म्हणजे कॅसेट सापडली! त्याने कडीला हात घातला.

तेवढ्यात तो आवाज खोकला. “घसा बसला, इर्मिनाबाई. जरा मध द्या.”

सिनेमातला बुवा इतक्या वर्षांत कधी खोकला नव्हता. गेर्वाझीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा टायवाला आपल्या बायकोला पटवतोय, आणि तेही आपल्याच सिनेमातली वाक्यं चोरून! (खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला बायकोपेक्षा वाक्याचं जास्त लागलं.) त्याने दार ढकललं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला, “हलकटा! माझ्याच घरात!”

आत टीव्हीसमोर अल्फोन्स बसला होता. हातात कागद, पुढ्यात मायक्रोफोन, शेजारी एकमेकांना जोडलेली दोन व्हिडिओ यंत्रं, रेकॉर्डिंग चालूच. इर्मिना मधाची बाटली धरून उभी.

“झालं समाधान?” ती म्हणाली, आणि रडायला लागली. “तुझ्या कॅसेटवर माझ्या हातून ब्राझीलची मालिका रेकॉर्ड झाली. भाच्याकडून तोच सिनेमा मागवला, तर तो नुसता परदेशी भाषेतला, वाचणारा बुवाच नाही. उद्या तुझा नामदिन, तोंड कसं दाखवू म्हणून आवाज द्यायला यांचे पाय धरले.”

गेर्वाझीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. “मग ते माझं ओरडणं तेवढं पुसा,” तो पुटपुटला.

“सुटलेली गाडी मी परत बोलावत नाही,” अल्फोन्स म्हणाला आणि पुढचा कागद वाचू लागला.

रविवारी घर भरलं. सिनेमा लागला. नायिकेने कमांडरला थांबवलं, यानाचं दार उघडलं, चिखलाने माखलेला राक्षस आत शिरला, त्याने आ वासला आणि गरजला, “हलकटा! माझ्याच घरात!”

पाहुणे हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. मेहुणी तेक्ला डोळे पुसत म्हणाली, “इतकी वर्षं बघतेय, पण या राक्षसाला आवाज असा आजच फुटला. कुणाचा गं?”

“माझा,” गेर्वाझी अवघडून म्हणाला.

तेक्लाने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. “काहीतरीच. या घरात तुझा आवाज कधी कुणी ऐकलाय का?”