थोरल्या काकांची बेशुद्धी

तेव्हा वाहिनी एकच होती, तिच्यावरची मालिका एकच होती आणि ती लिहिणारा पगारी लेखकही एकच होता. त्याचे वडील पक्षाघाताने बेशुद्ध होऊन रुग्णालयात पडले, तेव्हा त्याने रीतसर महिन्याच्या रजेचा अर्ज केला. वडिलांनी जाण्याआधी एकदा तरी आपल्याशी बोलावं, एवढीच त्याची इच्छा होती. साहेबांनी अर्जावर नियम चौदा लिहून पाठवला : 'प्रसारण चालू असता लेखकास रजा देय नाही. मात्र ज्या भागांत संवाद नाहीत, त्यांसाठी लेखकाची उपस्थिती आवश्यक नाही.'

लेखक नियमाने चालणारा होता. त्याने दुसऱ्याच दिवशी मालिकेतल्या थोरल्या काकांना जिन्यावरून पाडलं आणि महिनाभर बेशुद्ध ठेवलं. काका खाटेवर, भोवती घरची नऊ माणसं गप्प उभी. अर्धा तास तर भरायलाच हवा, म्हणून कॅमेरावाल्याने प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवला. पुढे सगळेच तसं दाखवू लागले आणि जाणकार त्याला कला म्हणू लागले. ती कला नव्हे, ती रजा आहे.

इकडे लेखक वडिलांचा हात धरून बसला. तिकडे कचेरीत पत्रांची पोती येऊन पडली. तिसऱ्या आठवड्यात साहेबांचा रुग्णालयात फोन आला.

"अहो, तुमच्या काकांनी कमाल केली! लोक जेवत नाहीयेत. सहा महिने उठवायचं नाही त्यांना."

"बरं साहेब. म्हणजे माझी रजा..."

"रजा कसली? आता घरच्यांनी खाटेशी बसून मनातलं बोलायला हवं. संवाद आले! उद्या हजर व्हा."

"पण साहेब, माझे वडील..."

"तेच म्हणतोय. त्यांच्याशी जे बोलता ते लिहून आणा. एवढा अनुभव वाया कशाला घालवायचा?"

लेखक हजर झाला. वडिलांनी डोळे उघडले की लगेच फोन करा, असं त्याने सिस्टरना हात जोडून सांगितलं. त्यांनीही मनापासून कबूल केलं. त्याच आठवड्यात रुग्णांच्या मनोरंजनार्थ वॉर्डात टीव्ही बसला.

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला वडिलांनी डोळे उघडले. चांगली पाच मिनिटं ते बोलत होते. वॉर्डातली झाडून सगळी माणसं त्यांच्याकडे पाठ करून टीव्हीसमोर उभी होती.

"काहीतरी सांगत होते खरं," सिस्टर नंतर रडत म्हणाल्या. "पण मीच 'श्श' केलं हो त्यांना. तेवढ्यात काकांचं बोट हललं ना!"

लेखकाला फार वाईट वाटलं, पण रागावणार कोणावर? ते बोट त्यानेच हलवलं होतं. साहेबांनी विशेष बाब म्हणून वडिलांच्या अंत्यविधीसाठी अर्ध्या दिवसाची रजा मंजूर केली, आणि ते 'श्श' कुठेतरी वापरा, असंही सुचवलं.

वडील काय म्हणाले, ते कोणालाच कळलं नाही. आणि तुम्हीही आत्ता ते विचारत नाही आहात. तुमच्या तोंडावर दिसतंय सगळं. उठले हो काका, उठले. झालं समाधान?