मसालेभाताची सरासरी

"सांख्यिकी? अहो सर, दगडासमोर उभं केलं ना मला, तर दगडसुद्धा सरासरी काढून दाखवेल!"

उज्ज्वला मॅडमनी हे इतकं छातीठोकपणे सांगितलं, की प्राचार्य दौलतसिंग सरांचं बिस्कीट चहात बुडालं. त्याला वाचवायचा प्रयत्न सोडून ते म्हणाले, "दगडाचं राहू द्या मॅडम. आधी पोट्टे वर्गात आणा! उद्या विद्यापीठाची समिती येऊन राह्यली. वर्ग रिकामा दिसला, तं तुमचा विषय बंद!"

रिसोडकडच्या या आडवाटेच्या कॉलेजात हा विषय मॅडमनीच भांडून सुरू करवला होता. पोटच्या लेकरासारखा वाढवला होता. तो असा बंद पडू देतील, तर त्या उज्ज्वला मॅडम कसल्या!

दुसऱ्या दिवशी वर्गात नमरा, खेमा आणि आणखी चार-दोन टाळकी. मॅडमनी पदर खोचला. "शितावरून भाताची परीक्षा! अख्खं पातेलं खायची गरज नाही. थोडं चाखायचं नि सगळ्याचा अंदाज बांधायचा. यालाच म्हणतात नमुना!"

खेमानं जांभई दिली. "मॅडम, शीत कुठी हाय? निसता वास येऊन राह्यला."

वास खराच होता. मागच्या अंगणात स्वयंपाकीण रुपाबाई समितीसाठी मसालेभात शिजवत होती. मॅडमचे डोळे लकाकले.

"उठा रे सगळे! आज तास चुलीपाशी!"

रुपाबाईनं मॅडमची मागणी ऐकून घेतली आणि कमरेवर हात ठेवले. "चमचाभर? मॅडम, दवाई देऊन राह्यल्या का पोट्ट्याइले? माह्या चुलीपाशी आलेलं माणूस चमचा चाटून गेलं, तं गावात तोंड दाखवू का मी?"

"अहो, नमुना लहानच असतो!"

"मंग लहानच पळी घेतली ना! मोठी तं वरणात हाय!"

आणि तिनं प्रत्येकाच्या पत्रावळीवर भाताचा डोंगर रचला. वरून तेलाची धार! वऱ्हाडात वाढणाऱ्या बाईपुढं कुणाचं चाललंय का कधी?

मॅडमनी हार मानली नाही. "खा! आणि मिठाला दहापैकी गुण द्या! जितकं खारट, तितके जास्त!"

नमरानं दिले दोन. खेमाला तळातला भात मिळाला होता. त्यानं दिले नऊ आणि घटाघटा पाणी प्यायला.

"बघा!" मॅडम आनंदानं ओरडल्या. "वरचा अळणी, तळाचा खारट! न हलवता नमुना घेतला की फसलात!"

नमराचा घास हातातच राहिला. "म्हंजे मॅडम, निसतं पहिल्या बाकावरच्याइले इचारून अख्ख्या वर्गाचं सांगाचं नाही! आधी मिसळा लागते!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी हे आतून कळलं होतं! आता माघार नाही. "हलवा पातेलं! पुन्हा नमुना! आणि लक्षात ठेवा, नमुना जितका मोठा, तितका अंदाज पक्का!"

हे वाक्य खेमानं फारच मनावर घेतलं. तो पळत गेला आणि बी.ए.चा वर्ग घेऊन आला. मग वसतिगृह आलं. मग क्रिकेटवाले आले, बॅटसकट! रुपाबाई वाढतेय, पोरं हाणतायत, मॅडम गुणांप्रमाणे सगळ्यांना रांगांत उभं करतायत. मधली रांग लांबच लांब, कडेच्या आखूड. वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेला तो टेकडीसारखा वक्र आज अंगणात उभ्या उभ्या जेवत होता! मॅडमना तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तेवढ्यात समिती आली.

"आधी दोन घास खाऊन घ्या!" म्हणत दौलतसिंग सरांनी झाकण उचललं. आत नुसती खरवड. "अरे बाप्पा! भात कुठी गेला?"

समितीच्या अध्यक्ष रत्नमालाबाईंनी चष्मा सावरला. "हे काय चाललंय?"

मॅडमना वाटलं, संपलं सगळं. पण नमरा अध्यक्षांपुढं आली. "मॅडम, आमी नमुना घेऊन राह्यलो होतो. पहिल्यांदा चुकला, कारण भात हलवला नव्हता. मंग हलवून घेतला, तं बरोबर आला. मंग मोठा घेतला. मंग आणखी मोठा..." तिनं पातेल्याकडं पाहिलं. "मंग काही उरलंच नाही."

रत्नमालाबाई अशा हसल्या, की चष्मा पडायचाच राहिला! "विषय चालू ठेवा! अहो, सांख्यिकीच्या तासाला इतकी मुलं आम्ही कुठंच पाहिली नाहीत. आमच्यासाठी मात्र काहीतरी मागवा." समिती स्टँडवरची गार कचोरी खाऊन मंगरूळपीरच्या कॉलेजला गेली. दौलतसिंग सर महिनाभर मॅडमशी बोलले नाहीत, पण विषय वाचला!

आणि जूनमध्ये तर नवलच झालं. सांख्यिकीला ही झुंबड! बाकं पुरेनात, पोरं खिडकीत बसलेली. उज्ज्वला मॅडमचा ऊर भरून आला. शिकवणं असं असावं लागतं! आता मात्र त्यांनी नमुना घेतला नाही. एकूण एकाला उभं करून विचारलं, "हा विषय कशासाठी घेतलास?"

पहिला म्हणाला, "मसालेभात." दुसरीही तेच म्हणाली. शेवटच्या बाकावरच्यानं तर विचारलं, "वरून तेल भेटते न?"

सरासरी काढायला फळ्याकडं वळायचीसुद्धा गरज पडली नाही हो!